चेहरा एकाचा, नाव दुसऱ्याचं: चित्रओळी तपासतानाच्या नोंदी

२ जून

शाळांसाठीच्या चित्रसंचाचं काम आजपासून माझ्याकडे आलं. इतिहास, गणित आणि विज्ञानातली माणसं, त्यांची जुनी छापचित्रं आणि प्रत्येकाखाली चार-पाच ओळींची माहिती, असा हा संच. चित्रं आमच्या तरुण सहकाऱ्याने आधीच गोळा करून ठेवलीत. मजकूरही बराचसा झालाय. चित्राखालचं नाव तेवढं तपासायचं राहिलंय. फाइल हातात देताना संपादकबाई म्हणाल्या, ‘‘शुद्धलेखन नको बघूस, त्याला माणसं आहेत. हा माणूस तोच आहे का, तेवढं बघ.’’

संध्याकाळी तक्ता आखला. चित्र कोणाचं म्हणून चालतं, हे नाव पहिल्यांदा कुठे छापलं गेलं, छापणाऱ्याला ते कुठून कळलं असेल, आणि चित्र त्या माणसाच्या हयातीतलं आहे का, असे चार रकाने. चेहऱ्याचं वर्णन करायला रकाना मुद्दामच ठेवला नाही. ज्यांना आपल्यापैकी कोणी पाहिलेलं नाही त्यांच्या नाकाडोळ्यांवरून काय ठरवणार? नाव कोणी घातलं याचा माग लागतो, चेहऱ्याचा लागत नाही.

५ जून

सुरुवात सगळ्यात जुन्या चित्रांपासून केली. ती लवकर निकालात निघाली.

१४९३ साली न्युरेंबर्गला अँटन कोबर्गरच्या छापखान्यात हार्टमान शेडेलचा जगाचा इतिहास छापला गेला. त्यात १,८०९ चित्रं आहेत, पण लाकडी ठसे ६४५च. म्हणजे एकच दाढीवाला एका पानावर कुठला राजा होतो आणि पुढे कधीतरी भलताच कोणी. शहरांचंही तसंच, एकाच ठशाची दोन-तीन शहरं. याला फसवणूक म्हणता येणार नाही. तेव्हाच्या वाचकाला ‘इथे एक राजा होऊन गेला’ एवढं सांगणारी खूण हवी होती, आणि ती त्याला मिळत होती. घोळ आपण घालतो, त्यातला एखादा चेहरा कापून घेऊन खाली ‘समकालीन चित्र’ असं लिहितो तेव्हा.

आमच्या संचात या ग्रंथातली दोन चित्रं होती. दोन्ही काढली.

९ जून

गणिताच्या गठ्ठ्यात लेजेंडर. सहकाऱ्याने उतरवून घेतलेलं चित्र मी कॉलेजपासून बघतोय: क्रांतिकाळातला पोशाख केलेला भारदस्त माणूस, खाली फक्त ‘लेजेंडर’. पहिलं नाव नाही. चित्र शिळाछाप आहे, पॅरिसच्या देल्पेशने काढलेल्या समकालीन व्यक्तींच्या मालिकेतलं.

हे चित्र आद्रिएं-मारी लेजेंडर या गणितज्ञाचं नाही. ते लुई लेजेंडरचं आहे. लुई पॅरिसमधला खाटीक. बॅस्टिलवर चालून गेलेल्यांत तो होता, क्रांतीचा पुढारी दाँतों याच्या गोटातला होता, पुढे क्रांतीच्या राष्ट्रीय सभेत निवडून गेला आणि १७९७ साली वारला. दोघांचं आडनाव एक. त्यावर कडी म्हणजे दोघांचं जन्मसालही एकच, १७५२. सालावरून खात्री करायला जावं तर तीही पटते.

कोणातरी संपादकाला गणितज्ञाचं चित्र हवं होतं. चित्रसंग्रहात ‘लेजेंडर’ सापडला, त्याने उचलला. दुसऱ्याने पहिल्याचं पुस्तक समोर ठेवलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. गणिताच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं या खाटकाचा चेहरा छापत राहिली. २००५ साली स्ट्रासबुर्ग विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं की हेच चित्र राजकारणी लेजेंडरखालीही छापलेलं असतं. मग शोधाशोध झाली. २००९ साली पीटर ड्यूरेन यांनी अमेरिकन गणित संघटनेच्या नियतकालिकात सगळा प्रकार सविस्तर मांडला.

सहकारी ऐकून म्हणाला, ‘‘दादा, पण सगळीकडे हेच आहे हो.’’ मी म्हटलं, सगळीकडे असणं हा पुरावा नाही, एकाच छपाईच्या त्या शंभर प्रती.

१० जून

खरा लेजेंडर कसा दिसायचा? त्याचं माहीत असलेलं चित्र एकच, आणि तेही व्यंगचित्र. ज्युलियँ-लेओपोल्द बोयी या चित्रकाराने १८२०च्या सुमारास फ्रान्सच्या इन्स्टिट्यूट या विद्वत्संस्थेतल्या सदस्यांची जलरंगातली थट्टाचित्रं काढली होती. ती वही इन्स्टिट्यूटच्याच ग्रंथालयात आहे. तिच्यातल्या एका पानावर शेजारी-शेजारी दोघे: गुबगुबीत गणितज्ञ फूर्ये आणि हडकुळा, केस विस्कटलेला, कपाळाला आठ्या घातलेला लेजेंडर.

मोठं करून बराच वेळ बघत बसलो. भुवया खाली ओढलेल्या. ओठ असे घट्ट मिटलेले की समोरच्याने आत्ताच काहीतरी चुकीचं विधान केलंय. हा माणूस १८२४ साली इन्स्टिट्यूटच्या निवडणुकीत सरकारच्या उमेदवाराला मत द्यायला नाही म्हणाला आणि त्यापायी निवृत्तिवेतन गमावून बसला. हे वाचून मग चित्र बघितलं की तो चेहरा त्याला अगदी साजतो असं वाटतं. अर्थात असं वाटणं धोक्याचंच. खाटकाचा भारदस्त चेहराही लोकांना थोर गणितज्ञाला साजेसाच वाटत होता.

या चित्रावर भरवसा ठेवायचं कारण वेगळं आहे. वही त्याच काळातली, चित्रकार त्याच शहरातला, आणि त्या पानावरची माणसं चित्रकाराच्या डोळ्यांसमोर वावरत होती. चारही रकाने भरले. बाईंना दाखवलं. ‘‘इतका चिडका?’’ म्हणाल्या. मग ‘‘राहू दे.’’

१५ जून

इंग्लंडचा गठ्ठा. इथे मात्र नुसतं दुर्लक्ष नाही, धंदा आहे.

पिएर लोंबार नावाचा फ्रेंच कोरक १६५०च्या दशकात लंडनमध्ये काम करत होता. व्हॅन डाइक या चित्रकाराने काढलेल्या, घोड्यावर बसलेल्या पहिल्या चार्ल्स राजाच्या चित्राचा आधार घेऊन त्याने तांब्याची एक मोठी प्लेट कोरली. पण वर राजाचं डोकं नाही, त्याला हरवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलचं. राजाचा शिरच्छेद १६४९ सालीच झाला होता, आता बाजार क्रॉमवेलचा होता. पुढे वारं फिरलं तसं डोकंही फिरलं. याच प्लेटवर कधी फ्रान्सचा चौदावा लुई बसला, कधी पुन्हा क्रॉमवेल, आणि शेवटी खुद्द चार्ल्स. मधल्या एका अवस्थेत तर मान रिकामीच आहे, घोडा तयार आणि स्वार बिनडोक्याचा. लेयर्ड नावाच्या अभ्यासकाने १९२२ साली या एका प्लेटवर अख्खं पुस्तक लिहिलं.

डोकं बदलतात कसं, हे शाळेतल्या मुलांना नक्की आवडेल, म्हणून नीट लिहून ठेवतो. तांब्यावरच्या रेषा म्हणजे खाचा. नको तो चेहरा धारदार तासणीने खरवडून काढायचा. खरवडलं की तिथे खळगा पडतो, आणि खळग्यात शाई साठून छपाईत डाग येतो. म्हणून पत्रा उलटा करून नेमक्या त्या जागेवर मागून हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि पृष्ठभाग वर आणायचा. मग घोटणीने घोटून गुळगुळीत करायचा आणि नवा चेहरा कोरायचा. खालचं नाव बदलायचं तर काम आणखी सोपं, एवढीशी पट्टी खरवडली की झालं.

कितीही हात बसलेला असो, माग राहतोच. डोक्याभोवती करडी धुरकट कडा दिसते. चेहऱ्याच्या रेषा ताज्या आणि काळ्याभोर, तर चिलखताच्या रेषा हजारो कागद छापून झिजलेल्या, फिकट. मोठ्या आकारात स्कॅन केलेल्या प्रतीवर हे साध्या डोळ्यांनी कळतं. सहकाऱ्याला सांगून ठेवलंय, यापुढे लहान फाइल घ्यायची नाही. चित्र बघायला ती चालते, तपासायला नाही.

१९ जून

याच गठ्ठ्यातली अठराव्या शतकातली चित्रं. १७६९ साली जेम्स ग्रेंजर या पाद्र्याने इंग्लंडच्या इतिहासातल्या व्यक्तींचा चरित्रकोश काढला आणि त्यात कोणाची कोणती कोरीव चित्रं मिळतात याची यादी दिली. झालं, संग्राहक पेटले. यादीत आहे आणि आपल्याकडे नाही, हे कोणाला सहन होईना. जुन्या पुस्तकांतली चित्रं फाडून दुसऱ्या पुस्तकांत डकवायचा नाद लागला. किमती चढल्या. किमती चढल्या की दुर्मीळ माणसं अचानक सापडू लागतात, हे जुन्या बाजारात चार वेळा फिरलेल्या कोणालाही सांगायला नको.

त्याआधीचा हाउब्राकेनचा किस्सा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात लबाड असा कोणीच नाही. १७४३ ते १७५२ या काळात लंडनमध्ये टॉमस बर्च याच्या मजकुरासह थोर इंग्रजांच्या चेहऱ्यांचा एक देखणा ग्रंथ निघाला. बरीचशी चित्रं अॅमस्टरडॅममध्ये बसून याकोब हाउब्राकेनने कोरली. हात अप्रतिम. पण होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने पुढे लिहून ठेवलं की या गृहस्थाला इंग्लंडचा इतिहास ठाऊक नव्हता, मूळ चित्र अस्सल आहे की नाही याची चौकशीही तो करत नसे. लंडनहून जे येईल ते कोरायचा. अर्ल ऑफ सॉमरसेट आणि मंत्री थर्लो यांची चित्रं तर मुळीच त्यांची नव्हेत, असं वॉलपोलने नावानिशी सांगितलंय.

म्हणजे कारागिराने त्याचं काम चोख केलं, प्रकाशकाने चांगला कागद वापरला, विद्वानाने चरित्रं लिहिली. मधला एकच प्रश्न, हे चित्र कोणाचं, कोणाच्याच वाट्याला आला नाही. आमच्याकडेही तसंच झालं होतं: चित्र एकाकडे, मजकूर दुसऱ्याकडे. बाईंनी हे ओळखून मला मध्ये बसवलं, हे त्यांचं श्रेय.

सॉमरसेट आमच्या यादीत नव्हताच. थर्लो होता. काढला.

२४ जून

आजची नोंद लांबणार. संपूर्ण प्रकल्पात मला सगळ्यात रंगलेलं प्रकरण हेच.

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत एका स्त्रीचं पूर्णाकृती तैलचित्र आहे, १५४५च्या सुमाराचं, ‘मास्टर जॉन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रकाराचं. जरीचा भरजरी झगा आणि छातीवर एक ठसठशीत ब्रोच. परंपरेने ही आठव्या हेन्रीची सहावी राणी, कॅथरीन पार. १९६५ साली चित्र गॅलरीत आलं तेव्हा कलेचे इतिहासकार रॉय स्ट्राँग यांनी निकाल फिरवला: ही लेडी जेन ग्रे. १५५३ सालच्या जुलैत नऊ दिवस राणी राहिलेली आणि पुढच्या वर्षी शिरच्छेद झालेली मुलगी.

त्यांच्यापाशी आधार होता तो एका कोरीव छापचित्राचा. १६२० साली हेन्री हॉलंडने थोर इंग्रजांचा एक चित्रग्रंथ काढला. त्यात व्हॅन द पास कुटुंबातल्या कोरकांनी जेन ग्रेचं चित्र दिलं होतं, खाली तिचं स्पष्ट नाव. त्या छापचित्रातल्या स्त्रीच्या छातीवर अगदी हाच ब्रोच. छापचित्रावर जेनचं नाव, दागिना तोच, मग तैलचित्रातलीही जेनच. तर्क बिनतोड दिसतो.

पुढची ३० वर्षं ती जेन म्हणून पुस्तकांत, पोस्टकार्डांवर फिरली. मग १९९६ साली इतिहासकार सुझन जेम्स यांनी दागिन्यांच्या याद्या काढल्या. राजघराण्यातल्या बायकांच्या दागिन्यांची मोजदाद लेखनिक बारकाईने लिहून ठेवत: आकार कसा, कोणता खडा कुठे, खाली मोती किती लोंबतात. मुकुटासारखा माथा असलेला तो ब्रोच कॅथरीन पारच्या दागिन्यांच्या यादीत निघाला. चित्रातली स्त्री पुन्हा कॅथरीन झाली, आज गॅलरीतही ती त्याच नावाने आहे.

खरी चूक १६२०ची. जेनला जाऊन तेव्हा ६६ वर्षं झाली होती. तिला पाहिलेलं माणूस त्या छापखान्यात असणं शक्य नव्हतं. प्रोटेस्टंट वाचकांना धर्मासाठी मेलेल्या या मुलीचा चेहरा हवा होता. कॅथरीन पारच्या चित्रावरून बेतलेला एक चेहरा हाताशी आला आणि त्यावर जेनचं नाव कोरलं गेलं. नंतर त्या कोरलेल्या नावाने मूळ रंगचित्राचंच नाव बदलून टाकलं. छापलेल्या नावात एवढा जोर असतो.

आमच्या संचात जेन ग्रेखाली हेच १६२०चं छापचित्र होतं. ते काढून टाकावं असं मला वाटत नाही. कॅथरीन पारच्या पानावर दोन्ही चित्रं शेजारी लावावीत, ब्रोचभोवती गोल काढावा आणि मुलांनाच विचारावं. बाईंना कल्पना पटली. फक्त गोल लाल नको म्हणाल्या.

१ जुलै

आता आपल्याकडची माणसं. पहिलेच नानासाहेब.

सहकाऱ्याला मिळालेलं चित्र १८५७च्या लंडनच्या सचित्र साप्ताहिकांच्या धाटणीचं, लाकडी ठशावरून छापलेलं. पुष्ट देह, अंगभर दागिने, खाली बिठूरचे नानासाहेब. तिसऱ्या रकान्यात गाडी अडली. नानासाहेब लंडनला कधी गेलेच नाहीत, त्यांचे वकील म्हणून गेले ते अजीमुल्ला खान. मग लंडनच्या कोरकापुढे चेहरा आला कुठून?

९३व्या हायलंडर्स पलटणीतला फोर्ब्स-मिचेल हा सैनिक १८५७च्या धामधुमीत होता. त्याच्या आठवणी १८९३ साली छापल्या गेल्या. त्यांत तो सांगतो की नानासाहेब म्हणून लंडनमध्ये छापलेलं चित्र नानासाहेबांचं नव्हेच, ते इंग्रजी फौजेला रसद पुरवणाऱ्या एका धनाढ्य कंत्राटदाराचं. दुवा जॉन लँगचा. लँग ऑस्ट्रेलियात जन्मलेला बॅरिस्टर, लेखक आणि वृत्तपत्रवाला. १८५४ साली झाशीच्या राणीने आपली बाजू मांडायला ज्याला बोलावलं तोच हा. त्याआधी १८५१ साली आग्र्याला त्याने जोतीप्रसाद या कंत्राटदाराचा कंपनी सरकारविरुद्धचा गाजलेला खटला जिंकून दिला होता. हिंदी शेठजीचं चित्र त्याच्यामार्फत लंडनला पोचलेलं होतं. कानपूरच्या बातम्यांनी शहर खवळलं, साप्ताहिकांना खलनायकाचा चेहरा तातडीने हवा झाला आणि हाताशी होता तो दागिने घातलेला एक हिंदुस्थानी. भागलं.

म्हणजे ज्याच्या पिठामिठावर कंपनीची पलटण जगली, तोच कंपनीच्या सगळ्यात मोठ्या शत्रूचा चेहरा झाला. 

याकडे नुसता विनोद म्हणून बघवत नाही. नानासाहेबांना पकडून देणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस होतं. ते नेपाळच्या बाजूला दिसेनासे झाल्यावर कित्येक वर्षं ठिकठिकाणी ‘नानासाहेब’ पकडले जात होते. १८७४ साली जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला एकाला धरून इंग्रजांच्या हवाली केलं. ओळख पटवायला कानपूरकडचे साक्षीदार आणावे लागले, आणि तो नानासाहेब नव्हे असंच ठरलं. वेणगावात जन्मलेल्या या माणसाचा चेहरा ज्यांना हवा होता त्यांच्याकडे तो नव्हता.

३ जुलै

नानासाहेबांच्या पानावरून वाद. सहकाऱ्याचं म्हणणं, चित्र काढलं तर पान ओकंबोकं दिसेल. बाईंचं म्हणणं, खोटं आहे तर नको. मी मधला मार्ग सुचवला: चित्र ठेवायचं, पण चित्रओळ बदलायची. ‘नानासाहेब पेशवे’ नाही, तर ‘१८५७ साली लंडनमध्ये नानासाहेब म्हणून छापलेलं चित्र’. आणि खाली दोन ओळींत कंत्राटदाराची हकीकत. बाई आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘‘मुलं चित्रओळ वाचत नाहीत. चित्र लक्षात ठेवतात.’’

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. शेवटी चित्र लहान, हकीकत मोठ्या टायपात, असं ठरलं.

६ जुलै

शिवाजी महाराजांचं पान. इथे आपल्याकडे पडताळणी आधीच झालेली आहे, आणि तीही मराठी संशोधकाने केलेली. एके काळी महाराजांचं म्हणून चालणारं चित्र इब्राहिम खान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं आहे, हे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवलं आणि डच साधनांतलं महाराजांचं चित्र लोकांपुढे आणलं. शाळेच्या पुस्तकांतून मोठी झालेली आपली पिढी बेंद्र्यांच्या या कामावरच पोसलेली आहे, पण त्यांचं नाव चित्राखाली क्वचितच दिसतं. आमच्या पानावर ते घातलं.

चित्र निवडलं ते अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या संग्रहातलं, विट्सेन संग्रह म्हणतात तो. दख्खनमधली व्यक्तिचित्रं, १६८६च्या सुमाराची, प्रत्येकाबरोबर कोणाचं चित्र ते डच भाषेत लिहिलेलं. महाराजांच्या मृत्यूनंतर फार तर पाच-सहा वर्षांतलं, त्यांना पाहिलेली माणसं हयात असतानाचं. तक्त्यातला तिसरा रकाना इथे नीट भरता आला, त्याचं समाधान वाटलं.

१० जुलै

विज्ञानाचा गठ्ठा संपत आला. अडकलंय ते सतराव्या शतकातला इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्यापाशी. हूकचं खात्रीचं एकही चित्र नाही. २००३ साली लिसा जार्डिन यांनी हूकचं चरित्र लिहिलं तेव्हा लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधलं एक तैलचित्र त्यांना सापडलं. त्यावर चिठ्ठी जॉन रे या वनस्पतिशास्त्रज्ञाची, पण चेहरा रेचा वाटेना. हा हूकच, असं त्यांनी मांडलं. वर्षभरात अमेरिकेतले रसायनशास्त्राचे इतिहासकार विल्यम जेन्सन यांनी दाखवलं की हा बेल्जियमचा रसायनशास्त्रज्ञ यान बाप्टिस्ट व्हॅन हेलमाँट. त्यांनी ताडून पाहिलं ते १६४८ साली हेलमाँटच्या मुलाने वडिलांचं पुस्तक छापलं त्यातल्या कोरीव चित्राशी. जार्डिन यांनीही ते मान्य केलं. एरवी चित्राखालच्या नावांनी इतका घोळ घातलाय, इथे मात्र मुलाने बापाखाली घातलेलं नाव साडेतीनशे वर्षांनी उपयोगी पडलं.

हूकच्या पानावर मग काय छापायचं? सहकाऱ्याने नव्या काळातली दोन-तीन काल्पनिक चित्रं काढून दाखवली. एकातही जीव नव्हता, आणि त्यांवर ‘काल्पनिक’ असं लिहिलं तरी बाईंचा आक्षेप उभाच राहतो.

मी १६६५च्या ‘मायक्रोग्राफिया’तली पिसू पुढे केली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हूकने स्वतः काढलेली, मग तांब्यावर कोरलेली, पुस्तकातून घडी उलगडून बघावी लागते एवढी मोठी. पाठीवरची एकावर एक बसलेली खवलं, पायावरचे ताठ केस, सगळं दिसतं. तक्त्यात चारही रकाने भरतात. चेहऱ्याच्या चौकटीत पिसू बसवली. चित्रओळ: ‘रॉबर्ट हूक याने काढलेली पिसू. हूकचं खात्रीचं चित्र उपलब्ध नाही.’

बाईंनी पान पाहिलं, हसल्या आणि चौकट दुप्पट मोठी करायला सांगितली. उद्या संपूर्ण गठ्ठा मांडणीकडे जातोय. जेन ग्रेच्या ब्रोचभोवतीचा गोल कोणत्या रंगाचा, ते अजून ठरायचंय.